विद्यापीठ वस्तीवर येते तेव्हा हिशेब कोणी ठेवायचा?

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कार्यालयात एकाच आठवड्यात दोन पत्रे आली. ती जिल्ह्यातील दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांची होती, पण आशय जवळपास सारखाच होता. आमचे पदवीचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आपल्या शाळेत व शाळेमागच्या वस्तीत सामुदायिक सहभागाचे काम करू इच्छितात, तरी परवानगी मिळावी, असे त्यांत विनयपूर्वक लिहिले होते. एका पत्राच्या मागे आणखी एक कागद टाचलेला होता. काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचे ते प्रमाणपत्र होते. मजकूर छापलेला, संस्थाप्रमुखांच्या सहीची जागा आखलेली, तारीख तेवढी कोरी. भंतेजींनी तो कागद आम्हांला दाखवला आणि हसून विचारले, "काम अजून यायचे आहे, पण ते चांगले झाले हे आधीच ठरले आहे. करू का सही?"

त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचा निरोप आला, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी इतर मंडळी आमच्यापेक्षा चांगल्या लिहितील, आपण भंतेजींच्या प्रश्नाचे उत्तर लिहावे, असे ठरले. आम्ही म्हणजे या शाळेत शिकलेले चौघे. तिघे आज निरनिराळ्या महाविद्यालयांत अध्यापन करतात. त्यांपैकी दोघांनी राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी म्हणून काही वर्षे काम केले आहे. चौथी आमची भगिनी याच तालुक्यात आरोग्यसेविका आहे. ज्या वस्तीत शिबिरे भरतात त्या वस्तीत आम्ही लहानाचे मोठे झालो आणि पुढे शिबिरे घेऊन दुसऱ्यांच्या वस्त्यांवर गेलो. दोन्ही बाजू पाहिल्या असल्यामुळे काही बोलण्याचा अधिकार आम्हांला आहे, आणि काही कबूल करण्याचे कर्तव्यही आहे.

आमच्या आठवणीतले पहिले शिबिर डिसेंबरातले. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. शहरातून आलेली दादा-ताई मंडळी पहाटे प्रभातफेरी काढत, दुपारी श्रमदान, संध्याकाळी व्याख्यान, रात्री गाणी. वस्तीतल्या हापशाच्या भोवती शोषखड्डे खोदण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते आणि आम्ही मुले दगडगोटे वाहून देण्यात धन्यता मानत होतो. समारोपाला पाहुणे आले, हार झाले, छायाचित्रे निघाली. ते दिवस आनंदाचे होते हे आम्ही कधीही नाकारणार नाही. वसतिगृहातल्या मुलांशी बाहेरचे कोणी आठ दिवस नावाने हाक मारून बोलते, याचे मोल फार असते.

पुढे आमच्यापैकी एक जण त्याच महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाला. (महाविद्यालयाचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, ते इतरांपेक्षा वाईट मुळीच नव्हते.) ग्रंथालयातील जुन्या वार्षिक अहवालांत त्याला आपल्या वस्तीचे नाव सापडले. पंधरा शोषखड्डे, एक रस्तादुरुस्ती, चार व्याख्याने, सर्वेक्षण केलेली कुटुंबे अमुक, स्वयंसेवक अमुक. त्यात एकही आकडा खोटा नव्हता. मात्र अहवाल जानेवारीत लिहिला गेला आणि पाऊस जूनमध्ये आला. ओढ्याच्या गाळाने बहुतेक खड्डे बुजले. दोन खड्डे तर हापशाच्या इतके जवळ खोदले गेले होते की सांडपाणी हापशाकडेच झिरपेल, अशी भीती वाटून बायकांनीच माती टाकून ते बंद केले. ही गोष्ट कोणत्याही अहवालात नाही. ती लिहिण्यासाठी कोणाला तरी जूनमध्ये परत यावे लागले असते.

त्या सर्वेक्षणाचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. डिसेंबरात आमची वस्ती अर्धी रिकामी असते. दसरा-दिवाळी उरकली की आमचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जात, ते मार्च-एप्रिलात परतत. या शाळेचे वसतिगृह त्याच कारणाने भरलेले असे, हे येथील पालकांना आम्ही सांगावयास नको. म्हणजे वस्तीची पाहणी झाली ती म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना विचारून. कुटुंबाचे उत्पन्न किती, कर्ज किती, उचल किती, हे आमच्या आजीला विचारले गेले आणि तिने पाहुण्यांना बरे वाटेल असे काहीतरी सांगितले. शिबिर डिसेंबरात का? तर विद्यापीठाचे एक सत्र संपून दुसरे सुरू होण्याची वेळ तेव्हाची. वस्तीचे वेळापत्रक कोणी पाहिले नव्हते.

ही सारी धडपड कोठून आली, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. उच्च शिक्षणाचा हिशेब मागण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले होते. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून उभा राहतो आणि त्यातून दिले जाणारे उच्च शिक्षण मूठभर वरिष्ठ वर्गांच्या पदरी पडते, असा त्यांचा आक्षेप होता. ज्यांच्या पैशावर विद्यापीठे चालतात त्यांना विद्यापीठांकडून काय मिळाले, हा प्रश्न रयतेच्या बाजूने विचारला गेला होता. आजच्या परिभाषेत त्याला मूल्यमापनच म्हणावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचा रोख बदलला. विद्यार्थ्यांनी राष्ट्रासाठी काही काळ द्यावा, असा विचार पुढे आला. १९५९ साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. (महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले हे गृहस्थ त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.) महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीने करावी, असे समितीने सुचवले. खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ते झाले नाही. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. पुढे अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य मानले गेले. २०१४ साली उन्नत भारत अभियान आले. त्यात प्रत्येक संस्थेने किमान पाच गावांचा समूह निवडावा अशी अपेक्षा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या आराखड्याने सामुदायिक सहभागाचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सुचवला आणि त्यातील निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष क्षेत्रात जावा असे म्हटले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात जे पदवी अभ्यासक्रम घडत आहेत त्यांतही अशा कामाला श्रेयांक आहेत. तेव्हा पत्रे दोन आली आहेत, ती पुढे वीस होतील, हे समजून चालावे.

श्रेयांक आले की मोजमाप आले. राष्ट्रीय सेवा योजनेत ते आहेच: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचे विशेष शिबिर. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था आपल्या सात निकषांपैकी तिसऱ्या निकषात संशोधन आणि नवोपक्रम यांच्यासोबत विस्तारकार्यही पाहते. किती उपक्रम झाले, किती विद्यार्थी सहभागी झाले, कोणते पुरस्कार मिळाले, हे आकड्यांत मांडावे लागते आणि पुराव्यासाठी अहवाल, पत्रे, जागेची नोंद असलेली छायाचित्रे जोडावी लागतात. आमच्यापैकी ज्या दोघांनी हे काम केले त्यांनी नॅकची समिती येण्याच्या आदल्या महिन्यात रात्र-रात्र जागून फायली लावल्या आहेत. वस्तीच्या प्रमुखांकडून मागच्या तारखांची आभारपत्रे गोळा केली आहेत. एका सरपंचांनी तर कोऱ्या लेटरहेडवर सही करून दिली आणि म्हणाले, "सर, तुम्हांला पाहिजे ते लिहून घ्या." आम्ही लिहून घेतले. स्वतः या वस्तीतून गेलेले असूनही लिहून घेतले. भंतेजींपुढे आलेला तो छापील कागद पाहून आम्ही गप्प बसलो त्याचे खरे कारण हे आहे.

'संनियंत्रण व मूल्यमापन' असा एक जोडशब्द सरकारी कागदांत नेहमी आढळतो. दोन्ही शब्द इतके चिकटून येतात की ते एकच आहेत असे वाटू लागते. वास्तविक संनियंत्रण म्हणजे काम चालू असताना ठेवलेली देखरेख. ठरल्याप्रमाणे मुले आली का, तास भरले का, खड्डे खोदले का, पैसे योग्य ठिकाणी गेले का. मूल्यमापन त्याहून निराळे. त्या कामाने कोणाच्या जगण्यात काय फरक पडला, तो टिकला का, आणि तो त्याच कामामुळे पडला की एरवीही पडला असता, हे ते विचारते. आपली महाविद्यालये पहिले करतात आणि दुसरे केल्याचे समाधान मानतात. पंधरा खड्डे ही देखरेखीची नोंद आहे. हापशाभोवतीचे डबके आटले का, डास कमी झाले का, हे पाहिले असते तर मूल्यमापन झाले असते. आणि त्यासाठी खड्डे खोदण्यापूर्वी डबके केवढे होते याचीही नोंद हवी होती. सुरुवातीची स्थितीच लिहिली नाही तर शेवटी फरक कशाशी तोलायचा?

संख्या नकोत असे आमचे म्हणणे नाही. हजेरीपट नसता तर अनेक ठिकाणी शिबिरे केवळ कागदावर झाली असती. १९९३ चा किल्लारी भूकंप असो वा २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, अशा वेळी महाविद्यालयीन मुलांनी जे हात लावले त्यांची किंमत आम्ही आकड्यांवरून कमी लेखणार नाही. तक्रार एवढीच की मोजणारा आणि ज्याचे काम मोजायचे तो, हे दोघे एकच आहेत. आणि ज्याच्या दारात काम झाले त्याच्याकडून सही तेवढी हवी असते.

वस्तीला विचारले जात नाही असे म्हटले की आमचे सहकारी प्रतिक्रियांचे अर्ज काढून दाखवतात. ते अर्ज आम्हीही भरून घेतले आहेत. शिबिराच्या शेवटच्या दिवशी, मांडवात, सरांच्या समोर, ज्या मुलांनी आठ दिवस खपून काम केले त्यांच्याच हातून प्रश्नावली पुढे येते: उपक्रम आवडला का? आपल्या माणसांना पाहुण्याचे मन मोडता येत नाही. शिवाय उद्या दाखला, शिष्यवृत्ती, दवाखाना, कशासाठी या सरांकडे जावे लागेल याचा नेम नाही. उत्तर नेहमी 'फार छान' असेच येते. आमच्या आरोग्यसेविका भगिनीने एकदा वेगळी वाट धरली. एका वस्तीतील शिबिराला सहा-सात महिने झाल्यावर ती लसीकरणाच्या फेरीत हापशावर बसली असताना बायकांशी सहज त्या शिबिराविषयी बोलली. हातात कागद नव्हता. तेव्हा कळले की व्यसनमुक्तीवर झालेल्या व्याख्यानाची वेळ बायकांच्या स्वयंपाकाची होती आणि पुरुष फडावर होते, म्हणून ते व्याख्यान मुलांनी ऐकले. स्वच्छतेच्या फेरीत एका घरासमोरचा उकिरडा हलवला, त्यावरून दोन शेजाऱ्यांत जे भांडण लागले ते अजून मिटलेले नव्हते. आणि हेही कळले की रक्तगट तपासणीची कार्डे मात्र बायकांनी ट्रंकेत जपून ठेवली आहेत. बाळंतपणाला जाताना दोघींनी ती बरोबर नेली होती. ज्या उपक्रमाला अहवालात दोन ओळी मिळाल्या होत्या तो सर्वांत उपयोगी ठरला, आणि ज्याच्या छायाचित्रांनी चार पाने भरली होती त्याने भांडण लावले. कोण विचारतो, केव्हा विचारतो आणि कोणाच्या समोर विचारतो, यावर उत्तर असे बदलते.

ज्या १९६९ साली आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, त्याच वर्षी अमेरिकेत शेरी अर्नस्टीन या विदुषीने नागरी सहभागावर एक निबंध प्रसिद्ध केला. सहभागाच्या आठ पायऱ्यांची एक शिडी तिने कल्पिली. तळाशी लोकांना केवळ वळवून घेणे, मध्ये त्यांना माहिती देणे, त्यांचे मत विचारणे. अगदी वर निर्णयाची सत्ता लोकांच्या हाती असणे. मत विचारले पण ते मानण्याचे बंधन नाही, ही पायरी तिने दिखाऊपणात गणली. आमच्या प्रतिक्रियांच्या अर्जांची जागा त्या शिडीवर कोठे पडेल, हे वाचकांनीच ठरवावे.

पण परदेशात जाण्याचे तरी काय कारण? आपल्याच देशात १९९४ साली राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया घेतल्या. रोजगाराच्या कामांचे हजेरीपट मिळवून ते गावासमोर मोठ्याने वाचले जात. मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचललेली दिसे, न झालेल्या कामांची बिले दिसत, आणि ज्यांची नावे त्या पटावर होती ती माणसे समोरच बसलेली असत. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेकडे सोपवले. रस्त्याच्या खडीचा हिशेब ग्रामसभा मागू शकते, तर तिच्या नावावर भरलेल्या १२० तासांचा का मागू नये? आम्हांला महाविद्यालयांवर अफरातफरीचा आरोप करावयाचा नाही. केवळ वाचनाची ती रीत उचलावी असे वाटते. महाविद्यालय जो अहवाल विद्यापीठाला पाठवणार आहे तो पाठवण्यापूर्वी वस्तीत मोठ्याने वाचून दाखवावा. इतके झाले तरी अहवालाची भाषा बदलेल. 'ग्रामस्थांमध्ये जाणीवजागृती निर्माण झाली' हे वाक्य ग्रामस्थांच्या तोंडासमोर उच्चारणे सोपे नाही. आम्ही ते शंभरदा लिहिले आहे.

'दत्तक गाव' या शब्दाविषयीही येथे बोलून घेऊ. आईवडील फडावर असताना वसतिगृहात वाढलेल्या आम्हा मुलांना हा शब्द कधी रुचला नाही. ज्याला आईवडील आहेत त्याला कोणी परस्पर दत्तक घेत नाही.

आता त्या बाजूविषयी, जिच्याकडे मूल्यमापन करणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. विद्यापीठाच्या कामाने वस्ती किती बदलली हे विचारले जाते. वस्तीमुळे विद्यापीठ किती बदलले हे कोणी विचारत नाही. सहभाग हा शब्द खरा मानला तर दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. दिवसभर कचेरीत वा कारखान्यात राबणारा तरुण कॉलेजच्या वेळेत येऊ शकत नाही, म्हणून कॉलेजने आपली वेळ बदलली. त्याच्या वस्तीत जाऊन शिक्षणाच्या महत्त्वावर व्याख्यान देण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी अवघड होती. शिक्षकांना पहाटे उठावे लागले. समाजाशी संस्थेचे नाते कसे मोजावे, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही हे उदाहरण देतो. संस्थेने आपले घड्याळ कोणासाठी हलवले?

या कसोटीला आजची शिबिरे लावून पाहावीत. दरवर्षी विद्यार्थी ऊसतोडीच्या वस्त्यांवर येतात, दरवर्षी सर्वेक्षणात 'स्थलांतर ही मुख्य समस्या' असे लिहितात, आणि पुढच्या वर्षीचे शिबिर पुन्हा डिसेंबरात लागते. वीस वर्षे गोळा झालेल्या माहितीने शिबिराची तारीखसुद्धा हलली नाही. वस्तीला गरज असते ती जूनमध्ये, जेव्हा जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले काढण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी दिवसच्या दिवस मोडतात आणि एका कागदाच्या उणिवेपायी मुलांचे प्रवेश अडतात. दहा सुजाण विद्यार्थी त्या पंधरवड्यात अर्ज भरून देण्यास बसले तर किती काम होईल! पण जूनमध्ये महाविद्यालयात प्रवेशप्रक्रिया असते.

येथे एका तरुणाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही नववीत असताना तो शिबिरात आला होता, विज्ञान शाखेचा, अबोल. सर्वेक्षणाचे कागद घेऊन तो वसतिगृहात आला आणि आम्हांला अपूर्णांकांची बेरीज येत नाही हे त्याच्या लक्षात आले. शिबिर संपले, मांडव उतरला, आणि पुढच्या रविवारी तो सायकलवर पुन्हा आला. मग दर रविवारी येऊ लागला. भाकरीचे तुकडे पाडून त्याने आम्हांला छेद समजावला. आम्ही दहावी होईपर्यंत तो येत राहिला. आमच्यापैकी दोघे गणितात निघाले ते त्याच्यामुळे, आणि त्यांतला एक आज गणितच शिकवतो. त्या महाविद्यालयाच्या जुन्या अहवालात आम्ही त्याला शोधले. शिबिरातील स्वयंसेवकांच्या यादीत त्याचे नाव होते, तेवढेच. त्याचे १२० तास त्या वर्षीच्या मार्चच्या आधीच भरले असावेत. त्यानंतरचे सगळे रविवार कोणत्याही रकान्यात बसणारे नव्हते.

ही गोष्ट सांगितली की काही मंडळी म्हणतात, पाहा, चांगले काम मोजता येत नाही, म्हणून मोजू नये. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. त्या महाविद्यालयाने एकदा जरी वसतिगृहाला विचारले असते की आमच्या शिबिरातून तुमच्याकडे काय उरले, तर उत्तर आले असते: रविवारचे गणित. मग कदाचित पुढच्या वर्षी दहा जणांना रविवारी पाठवले गेले असते. न विचारल्यामुळे ते एका माणसाच्या चांगुलपणावर सुरू झाले आणि तो नोकरीला लागून दूर गेल्यावर बंद पडले. त्याच्या मागून येणाऱ्या तुकड्या पुन्हा शोषखड्डे खोदत राहिल्या.

आमच्या चौघांतही एका मुद्द्यावर मतभेद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आपण प्रश्न विचारू लागलो तर महाविद्यालये दुसऱ्या, गप्प बसणाऱ्या वस्तीवर जातील. मिळतात तेवढी वह्या-पुस्तके, आरोग्य तपासणी, दोन गोड शब्द, तेही मिळणार नाहीत, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे आहे. ही भीती पोकळ नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याला अध्यापन सांभाळून ही कामे करावी लागतात. त्यात एक कटकट वाढली की तो सोपी जागा शोधणार, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो. दुसरे म्हणजे, विद्यार्थ्यांना यात नाउमेद करू नये. एकोणीस-वीस वर्षांची मुले असतात ती. आयुष्यात प्रथमच कोणाच्या तरी ओसरीवर मांडी घालून जेवतात. त्यांना नापास करण्यासाठी वस्तीने वही उघडू नये. प्रश्न त्यांच्या संस्थेला विचारायचे आहेत. तरीही, भीती खरी धरूनसुद्धा, आमच्यातील तिघांचे मत असे की कोऱ्या तारखेच्या कागदावर सही करून जे येते ते न आलेले बरे.

म्हणून आम्ही शाळेच्या कार्यकारिणीपुढे काही गोष्टी ठेवल्या आहेत. कार्यालयात एक जाड वही ठेवावी. जे महाविद्यालय येऊ इच्छिते त्याने काम सुरू करण्यापूर्वी वस्तीच्या बैठकीत यावे. ती बैठक बायका मोकळ्या असतील अशा वेळी, आणि शक्यतो मंडळी फडावरून परतल्यानंतर व्हावी. काय करायचे ते तेथे ठरावे आणि आज स्थिती काय आहे तेही त्याच दिवशी वहीत लिहावे: हापशाभोवती डबके आहे का, नववीतल्या किती मुलांना अपूर्णांक येतात, कितीजणांचे दाखले अडले आहेत. काम चालू असताना आठवड्यातून एकदा शाळेतील कोणी शिक्षक आणि वस्तीतील कोणी बाई मिळून नोंद करतील. महाविद्यालयाचा अहवाल सभागृहात वाचला जाईल. ज्यांना काही जोडायचे असेल त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत खाली लिहिले जाईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आपले दहावीचे विद्यार्थी लिहितील, मात्र अंगठा त्यांचा. वर्षभराने वही पुन्हा उघडायची आणि तेव्हाची स्थिती समोरच्या पानावर नोंदवायची. प्रमाणपत्रावर सही त्यानंतर. एक वर्ष थांबणे महाविद्यालयाला परवडणार नाही, त्यांचे सत्र सहा महिन्यांचे असते, हे आम्हांला ठाऊक आहे. तेव्हा काम झाल्याची साधी पावती लगेच द्यावी, पण 'समाधानकारक' हा शब्द वर्षभर राखून ठेवावा.

आणखी एक प्रश्न त्या वहीत असेल. येथून गेल्यावर तुमच्या महाविद्यालयात काय बदलले, असा. शुल्कमाफीची माहिती आमच्या मुलांपर्यंत वेळेवर पोहोचू लागली का, ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या सहीसाठी प्रवेश अडवणे थांबले का, वसतिगृहात जागा वाढल्या का. याचे उत्तर महाविद्यालयाने लिहायचे आहे, आणि तेही मोठ्याने वाचले जाईल.

माजी विद्यार्थ्यांपैकी बरेच जण आज अध्यापक, अधिकारी, परिचारिका, वकील आहेत. त्यांतील कित्येकांना आपल्या संस्थेतर्फे कोठल्या तरी वस्तीत जावे लागत असेल. तेथेही अशी वही असावी, एवढेच त्यांना सांगणे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयात यावर चर्चा ठेवली आहे. आपापल्या संस्थेचे अहवालाचे नमुने बरोबर आणल्यास त्यांतील रकाने पाहता येतील.

त्या दोन पत्रांपैकी एकाला शाळेने उत्तर धाडले आहे आणि बैठकीस येण्याची विनंती केली आहे. ज्या पत्रामागे प्रमाणपत्र टाचलेले होते ते अद्याप भंतेजींच्या टेबलावर, काचेखाली आहे. सही करायची की कागद परत पाठवायचा हे आम्ही चौघांनी ठरवू नये, ते पालकसभेने ठरवावे, असे आम्ही त्यांना कळवले. पालकसभा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आहे. तोवर सगळी मंडळी फडावरून परतलेली असतील.